चोवीस हजारांच्या सात भेटी

गादीच्या मधोमध पडलेला खड्डा सात पूर्णांक चार सेंटिमीटर खोल होता. गादीवर एक लांब पट्टी आडवी ठेवायची, तिच्या कडेपासून खड्ड्याच्या तळापर्यंत स्टीलची लहान पट्टी उभी सोडायची, तीन ठिकाणी वाचन घ्यायचं आणि सरासरी काढायची. हे चाललं असताना, ज्यांच्या पाठीनं हा खड्डा गेली एकोणीस वर्षं खणला होता त्या सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“झालं का गं?”

“एकच वाचन राहिलंय, आई.”

“घे हो, घे. खड्डा काही पळून जात नाही.”

वाचन घेणाऱ्या बाईंना इमारतीत दशांशताई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. एकदा जिन्यात कुणीतरी किती वाजले म्हणून विचारलं, तेव्हा “सात वाजून बावीस मिनिटं, पण माझं घड्याळ चाळीस सेकंद पुढं आहे” असं त्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून हे नाव पडलं. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं त्यांना काही दिसलं नाही. घड्याळ चाळीस सेकंद पुढं होतंच. सव्वीस वर्षं त्या मापन प्रयोगशाळेत नोकरी करत होत्या. दुकानांतले तराजू, पेट्रोल पंपांची मापं, औषध कंपन्यांचे नाजूक काटे त्यांच्या टेबलावर येत आणि आपण किती खोटं बोलतो ते सांगून परत जात. ताईंचा तराजूंवर राग नसे. प्रत्येक तराजू थोडं खोटं बोलतोच. किती बोलतो ते एकदा कळलं की त्याच्याशी नीट संसार करता येतो, असं त्यांचं मत होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी सासूबाईंच्या कमरेची फिल्म उजेडाला धरून स्वच्छ सांगितलं होतं, “गोळ्या लिहून देतो, पण खरं औषध गादी आहे. बदला.”

तो मंगळवार होता. दुसऱ्या कुठल्याही घरात शनिवारपर्यंत नवी गादी आली असती. ताईंनी शनिवारपर्यंत वही आणली. दोनशे पानी, आखीव. पहिल्या पानावर निकष लिहिले: घनता, दाब सोडल्यावर मूळ उंचीवर यायला लागणारा वेळ, कडेची मजबुती, शिवणीतलं अंतर. एकूण अठ्ठेचाळीस निकष भरले.

“अगं, गादी घ्यायची आहे की तिला नोकरीवर ठेवायचंय?” नवऱ्यानं वही चाळत विचारलं. तो बस आगारात वेळापत्रकं लावायचा. बस येवो न येवो, वेळापत्रक देखणं असलं पाहिजे, या कामात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे बायकोच्या वहीबद्दल त्याला मनातून आदरच वाटे.

“एकदाच घ्यायची वस्तू आहे. पुन्हा एकोणीस वर्षं बघायला नको.”

“एकोणीस वर्षांनी मी शहाण्णवची होईन,” सासूबाई आतून म्हणाल्या. “तेव्हा तू माझ्यासाठी दुसरी वही घाल.”

गादीची बातमी इमारतीत फुटली आणि सल्ल्यांची रीघ लागली. आपल्याकडे माणूस रक्त द्यायला मागेपुढे बघेल, सल्ला द्यायला नाही. तळमजल्यावरचे व्यायामशिक्षक म्हणाले, गादी हाच मुळात रोग आहे, आजींना फरशीवर झोपवा. “आधी तुझ्या आईला झोपव आणि महिन्याभरानं मला कळव,” सासूबाईंनी त्यांना वाटेला लावलं. विम्याचं काम करणारे वरचे गृहस्थ म्हणाले, कापसाशिवाय दुसरी गादी घेऊ नका. त्यांच्या बायकोनं त्याच जिन्यात, त्याच मिनिटाला, कापसाची मुळीच घेऊ नका म्हणून सांगितलं. ताईंनी दोन्ही मतं वहीत लिहून घेतली आणि समोर ‘नमुना: एक’ अशी नोंद केली.

खरा घोळ केला समोरच्या वहिनींनी.

“अहो ताई, एवढा कसला विचार करताय? आमच्यासारखी ऑफरमध्ये घ्या की. चौकातलं ते मोठं गाद्यांचं दुकान नाही का? गादी एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णवला, आणि वर चोवीस हजारांच्या सात भेटी फुकट! म्हणजे बघा, उलटे त्यानंच आपल्याला चार हजार दिले.”

“चार हजार एक,” ताई म्हणाल्या.

पण वहिनींचं वाक्य त्यांच्या मनात खड्यासारखं रुतलं. वीस हजारांच्या वस्तूबरोबर जो चोवीस हजारांच्या वस्तू फुकट देतो, तो एक तर वेडा असला पाहिजे, नाहीतर चोवीस हजार हा आकडा वेडा असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दुकान बघून आल्या. मालक वेडा नव्हता.

दुकान लांबलचक होतं. दोन्ही बाजूंना गाद्या आजारी माणसांसारख्या ओळीनं पडल्या होत्या आणि प्रत्येकीच्या उशाशी तिच्या किमतीचा तक्ता होता. तक्त्यावर ‘मूळ किंमत अठ्ठावन्न हजार’ असं ठळक लिहून त्यावर लाल फुली मारली होती. टाय लावलेला एक तरुण विक्रेता पुढं आला.

“ही अठ्ठावन्न हजारांना शेवटची कधी विकली गेली?” ताईंनी वही उघडत विचारलं.

“कशी विकली जाईल, मॅडम?” तो प्रामाणिकपणे म्हणाला. “ती किंमत विकायची नसते. खोडायची असते.”

ताईंनी हे वाक्यही लिहून घेतलं.

वास्तविक त्यांनी तिथंच एखाद्या गादीवर बसून, पडून बघायचं आणि मोकळं व्हायचं. पण चोवीस हजार या आकड्याची तपासणी झाल्याशिवाय गादीच्या किमतीला अर्थ नव्हता, आणि किमतीला अर्थ आल्याशिवाय अठ्ठेचाळीस निकषांतले शेवटचे सहा भरता येत नव्हते. कामाला एक क्रम असतो. तो मोडला की माणूस चुकतो, असं त्या प्रशिक्षणार्थींना नेहमी सांगत.

वहिनींनी सातही भेटी कौतुकानं तपासायला दिल्या. चादरींचा संच, दावा पाच हजार पाचशे. उशांची जोडी, तीन हजार सहाशे. भिंतीवरचं घड्याळ, तीन हजार आठशे. पायपुसणं, एक हजार नऊशे. पाणी गरम ठेवणारी बाटली, दोन हजार दोनशे. ‘निद्रासुख’ नावाचा उशाशी ठेवायचा दिवा, तीन हजार. आणि सातवी भेट म्हणजे चार हजारांचं एक चकचकीत ‘समाधान कार्ड’. यातलं घड्याळ मात्र वहिनींकडं नव्हतं, ते त्यांनी नणंदेच्या नव्या घरासाठी देऊन टाकलं होतं. त्याचा फोटो मिळाला.

पुढचे पाच आठवडे ताई ऑफिस सुटल्यावर बाजार पालथा घालत होत्या. प्रत्येक वस्तू, तीच कंपनी, तीच बनावट, तीन दुकानांतला दर. एकोणीसशेच्या पायपुसण्याला एका दुकानदारानं तीनशे सत्तर सांगितले, दुसऱ्यानं तीनशे नव्वद, आणि तिसरा म्हणाला, “बाई, तीनशे ऐंशीला घ्या, पण कृपा करून त्याची लांबीरुंदी मोजणं थांबवा, माझं गिऱ्हाईक बिचकतंय.” बाटलीवर ‘बारा तास गरम’ लिहिलं होतं म्हणून एका रविवारी सकाळी सहाला उकळतं पाणी भरून ताई थर्मामीटर घेऊन बसल्या. दहा वाजता नवऱ्यानं त्याच पाण्यानं दाढी केली.

“मला काय माहीत प्रयोग चाललाय! मला वाटलं, बायकोनं पाणी काढून ठेवलंय. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासाठी काहीतरी केलं म्हणून मी खूश झालो होतो.”

पुढच्या रविवारी प्रयोग पुन्हा केला. बाटलीनं अकरा तास दम धरला. समाधान कार्डाची पाठ भिंगातून वाचल्यावर कळलं की ते पन्नास हजारांच्या वरच्या दुसऱ्या गादीवर, नव्वद दिवसांच्या आत, आणि पहिली गादी परत न केल्यास चालतं. ताईंनी त्याच्यासमोर शून्य लिहिलं. अगदी स्पष्ट, वाटोळं शून्य.

इकडं सासूबाई खड्डा सोडून आरामखुर्चीत झोपू लागल्या होत्या. सकाळी उठताना खुर्चीचे हात धरून त्या “एक, दोन, तीन” म्हणत आणि पाचला उभ्या राहत. एकदा चहा घेता घेता म्हणाल्या, “सूनबाई, मला कसलीही चालेल हो. घाई नाही. फक्त मी असेपर्यंत येईल ना, तेवढं वहीत बघून सांग.”

नवऱ्यानं पेपराआडून खोकल्यासारखं केलं. ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “पुढच्या आठवड्यात नक्की, आई,” त्या म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी ‘नक्की’ हा शब्द पुराव्याशिवाय पहिल्यांदाच वापरला होता, आणि तो खोटा ठरायला आठवडाही लागला नाही.

कारण त्या आठवड्यात निकाल लागला आणि निकाल पाहून ताई गादी विसरल्या. दावा भागिले प्रत्यक्ष दर. चादरी: पाच. उशा: पाच. पायपुसणं: पाच. बाटली: पाच. दिवा: पाच. फक्त घड्याळ पाच पूर्णांक शून्य सात. कार्ड सोडलं तर वीस हजारांच्या दाव्यामागं तीन हजार नऊशे नव्वदचा माल. म्हणजे दुकानात कुणीतरी शांतपणे बसून प्रत्येक किमतीला पाचानं गुणलं होतं! इतका एकसारखा खोटेपणा त्यांनी आजवर एकाही तराजूत पाहिला नव्हता. त्यांना राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर थोडं कौतुकच वाटलं.

आकडे वहिनींना सांगितले, तेव्हा मात्र कौतुक जागच्या जागी जिरलं.

“साडेसातशे?” वहिनींचा आवाज दोन मजले चढला. “माझ्या नणंदेला मी तीन हजार आठशेचं घड्याळ दिलंय, ताई! तिनं उलट मला दोन हजारांची साडी दिली. तेव्हा मी नाक मुरडलं. चारचौघांत मुरडलं!”

“मग तुमचा साडेबाराशेचा फायदाच झाला.”

“फायदा घालता चुलीत? त्या मुरडलेल्या नाकाचं काय करू? आणि हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंय?”

“अजून कुणालाच नाही. आधी योग्य ठिकाणी कळवायला हवं.”

योग्य ठिकाण म्हणजे ग्राहक तक्रार कक्ष. ताई अर्धी रजा टाकून गेल्या. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, उलटा करून पाठ पाहिली, पुन्हा सुलटा केला.

“गादी घेतली का?”

“नाही.”

“मग फसवणूक कुणाची झाली?”

“घेणाऱ्या सगळ्यांची.”

“मग सगळ्यांना यायला सांगा. तुम्ही कशाला आलात? फसलेल्यांचा अर्ज नमुना तीन. न फसलेल्यांसाठी नमुनाच नाही.” मग त्याला ताईंची दया आली असावी. आवाज खाली आणून तो म्हणाला, “असं करा, आधी फसून या. पावती जोडा. पुढचं मी बघतो.”

“फसल्याशिवाय काही मार्ग?”

“आहे. दुकानदाराला लेखी कळवा, त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या, आणि तीन प्रतींत इथं द्या. पोच नसेल तर मात्र आमच्याकडं घोडं पुढं सरकत नाही.”

इथं ताईंच्या हातून एक चूक झाली. दुसऱ्या कुणाच्या हातून ती झालीच नसती. साध्या माणसानं दुकानदाराला चार ओळी खरडल्या असत्या, ‘तुम्ही लबाड आहात, लाज वाटू द्या’. ताईंनी अहवाल लिहिला. आणि अहवाल लिहायचा म्हटल्यावर हात सव्वीस वर्षांच्या वळणानं चालला. त्यांच्या प्रयोगशाळेचा दंडकच होता की उपकरणाचे दोष लिहिण्याआधी त्याच्या जमेच्या बाजू प्रामाणिकपणे नोंदवाव्यात, म्हणजे तपासणारा आकसानं वागला असं वाटत नाही. म्हणून पहिल्या पानावर जमेच्या बाजू आल्या: ‘सर्व दाव्यांमध्ये कमालीचं सातत्य आढळलं. इतकं सातत्य सहसा दिसत नाही. बाटलीची कामगिरी समाधानकारक. कर्मचारी विचारलेल्या प्रश्नांची प्रांजळ उत्तरं देतात.’ दुसऱ्या पानावर मग सात भेटी, सात दावे, सात प्रत्यक्ष दर, त्यांची बेरीज, आणि खाली एक ओळ: ‘दाव्यांना पाचानं भागून वाचावं.’

दुकानाचे मालक गोलमटोल, मऊ बोलणारे गृहस्थ होते. आपल्याच मालाचे बनल्यासारखे दिसत. त्यांनी पहिलं पान उभ्यानं वाचलं, मग खुर्ची मागवून बसून वाचलं. दुसरं पान डोळ्यांखालून घातलं.

“मॅडम, पंचवीस वर्षं धंदा करतोय. इतकं चांगलं माझ्याबद्दल माझ्या बायकोनंही लिहिलं नाही,” ते म्हणाले. सही केली, शिक्का मारला, वर स्वतःहून तारीख घातली. ताई पोच घेऊन बाहेर पडल्या. काम इतकं सुरळीत झालं की त्यांना जरा चुकल्यासारखंच वाटलं.

चार दिवसांनी चौकात बोर्ड लागला. बारा फूट बाय आठ, असं ताईंनी नजरेनं मापलं. वर निळ्या अक्षरांत: ‘कमालीचं सातत्य! इतकं सातत्य सहसा दिसत नाही!’ खाली: ‘ज्येष्ठ महिला मापनतज्ज्ञांचा पाच आठवड्यांचा अभ्यास.’ आणि सगळ्यांत खाली: ‘चोवीस हजारांच्या सात भेटी, आता तज्ज्ञांनी तपासलेल्या!’

इमारतीत जिना चढताना दारं किलकिली व्हायला लागली. “ताई, किती पडले हो पदरात?” विमावाल्यांनी डोळा बारीक करून विचारलं. व्यायामशिक्षक म्हणाले, “तुमच्या शब्दाखातर आम्ही फरशी सोडून गादी घेतली हो!” त्यांच्या हातात तीच बाटली होती. आणि वहिनी? वहिनींनी नणंदेला बोर्डाचा फोटो पाठवून ‘बघ, घड्याळ तज्ज्ञांनी तपासलेलं आहे’ असं कळवलं होतं आणि त्या पुन्हा ताईंशी गोड बोलू लागल्या होत्या. ते गोड बोलणं ताईंना सगळ्यांत जास्त बोचलं.

शुक्रवारी प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी बोलावलं. टेबलावर बोर्डाचा फोटो होता.

“बाई, हे तुम्हीच ना?”

“शब्द माझे आहेत, सर. पण अर्धे आहेत.”

“आपल्याकडं अर्धं वजन म्हणजे चूक. हे मीच तुम्हाला शिकवायचं?” प्रमुख तुमच्या-आमच्यासारखे साधे गृहस्थ होते, पण प्रयोगशाळेचं नाव निघालं की उंच व्हायचे. “उद्या कुणी म्हणेल, यांचा शिक्का गाद्यांच्या दुकानात मिळतो. सोमवार सकाळपर्यंत तो बोर्ड उतरला पाहिजे. नाहीतर लेखी खुलासा.”

“किती पानी, सर?”

प्रमुखांनी चष्मा काढला. “बाई, तुम्ही बोर्डच उतरवा.”

रविवारी सकाळी ताई निघाल्या तेव्हा सासूबाई लुगड्याच्या निऱ्या सारख्या करून चपला घालून दारात उभ्या होत्या.

“मी पण येते.”

“आई, आज गादी बघायची नाहीये. बोर्डाचं काम आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?”

“दोन महिने माझी गादी सगळ्या गावानं बघितली. कारकुनानं बघितली, तुझ्या साहेबानं बघितली. मीच तेवढी राहिलेय. चल.”

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मालकांनी ताईंना पाहताच हात जोडले आणि ओरडले, “आल्या! मॅडम स्वतः आल्या!” आणि माणसांचा घोळका ताईंभोवती झाला. “मॅडम, चार इंची घेऊ की सहा?” “माझं वजन ब्याण्णव आहे, चालेल का?” “आमचे हे घोरतात, त्यावर कुठली चांगली?” जिला दोन महिन्यांत एका गादीचा निर्णय घेता आला नव्हता, तिला चाळीस माणसं चाळीस निर्णय मागत होती. ताईंना एकदम पाणी प्यावंसं वाटलं. कुणीतरी तत्परतेनं तीच बाटली पुढं केली.

“तो बोर्ड उतरवा,” त्या मालकांना म्हणाल्या.

“मॅडम, एक अक्षर बदललंय का? काना, मात्रा? दाखवा, आत्ता उतरवतो.”

बदललं नव्हतं. खोटं कुठं आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवता येईना. मग त्यांनी पर्समधून आपली प्रत काढली.

“ठीक आहे. पहिलं पान तुम्ही लावलंय. दुसरं मी वाचते.”

त्यांचा आवाज मुळात लहान. तराजूजवळ मोठ्यानं बोललं तर काटा हलतो, म्हणून सव्वीस वर्षं त्या हळूच बोलत आल्या होत्या. पण हळू बोलण्याचा एक फायदा असतो, ऐकण्यासाठी बाकीच्यांना गप्प बसावं लागतं. “पायपुसणं,” त्यांनी वाचलं. “दावा एक हजार नऊशे. प्रत्यक्ष तीनशे ऐंशी.” दुकान शांत होत गेलं. “दिवा. दावा तीन हजार. प्रत्यक्ष सहाशे.” समाधान कार्डाच्या शून्यापाशी कुणीतरी मागून “अरे वा!” केलं. “एकूण माल तीन हजार नऊशे नव्वदचा. दाव्यांना पाचानं भागून वाचावं,” असं म्हणून ताईंनी कागदाची घडी घातली आणि वादळाची वाट पाहिली.

वादळ आलंच नाही. ब्याण्णव किलोवाल्या गृहस्थांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे फक्त पाचानं भागायचं? मग सोपं आहे की! आम्ही इतके दिवस अंदाजानं भागत होतो.”

“मी बायकोला न भागता सांगणार,” दुसरा म्हणाला, “आणि आईला भागून.”

“ओ मालक,” घोरणाऱ्यांच्या बायकोनं मात्र मुद्द्याला हात घातला. “मला ते घड्याळ नको, दिवा नको, नि पायपुसणं नको. मॅडमनी सांगितलंय, तीन हजार नऊशे नव्वदचा माल आहे. तेवढे गादीत कमी करा.”

“मला पण!”

“आम्हाला पण तसंच! भेटी ठेवा तुमच्याकडं!”

मालकांचा मऊ चेहरा दाबलेल्या गादीसारखा खाली गेला आणि वर यायला बराच वेळ लागला. (ताईंनी सवयीनं सेकंद मोजले. नऊ.) “अहो, असं कसं करून चालेल! हा अहवाल आहे, दरपत्रक नाही!” ते कळवळून म्हणाले. पण चाळीस माणसं एका सुरात पाचानं भागायला लागली की मालकाचं काही चालत नाही. घामानं थबथबून त्यांनी टायवाल्याला खूण केली. “आधी तो बोर्ड उतरव! शिडी घे! जा!”

सोमवारची वेळ रविवारी दुपारी साडेबारालाच पाळली जात होती. ताईंनी समाधानानं पर्स बंद केली. एक काम तरी मापात झालं होतं.

“पण मॅडम,” घोरणाऱ्यांच्या बायकोनं विचारलं, “तुम्ही स्वतः कुठली घेतलीत?”

चाळीस चेहरे वळले. आपली गादी कुठली, हे सांगायला ताईंकडं अठ्ठेचाळीस निकष होते, एकशे बारा भरलेली पानं होती, आणि उत्तर नव्हतं. त्यांनी मदतीसाठी बाजूला पाहिलं, तर सासूबाई बाजूला नव्हत्या.

त्या सापडल्या दुकानाच्या अगदी मागं, जिथं माल उतरवतात तिथं. भिंतीशी एक साधी, पांढऱ्या कापडाची गादी टाकली होती. तिच्यावर प्लॅस्टिक नव्हतं, उशाशी तक्ता नव्हता, लाल फुली नव्हती. तिच्यावर सासूबाई कुशीवर झोपल्या होत्या. चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या होत्या. एक हात गालाखाली. श्वास संथ, एकसारखा चालला होता, आणि कपाळावरची आठी, जी ताईंना सासूबाईंच्या चेहऱ्याचा भागच वाटायला लागली होती, ती नव्हती.

सगळं दुकान ताईंच्या मागं येऊन उभं राहिलं.

“ही होय?” मालक कुजबुजले. “ही ऑफरमधली नाही, मॅडम. दुपारी डबा खाल्ल्यावर मी जरा पडतो हिच्यावर. साडेअकरा हजारांची, पहिल्यापासून तेवढ्याचीच. हिच्यावर भेट काही नाही. एक पायपुसणंसुद्धा नाही.”

“मूळ किंमत?”

“हीच मूळ.”

ताई वाकल्या. त्यांचा हात पर्सकडे गेला, पर्सची चेन उघडली, आतली टेप बोटांना लागली. घनता माहीत नव्हती. कडेची मजबुती पाहिली नव्हती. अठ्ठेचाळीसपैकी एकही चौकट भरलेली नव्हती. गर्दीत कुणी हललं नाही.

“सूनबाई,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “मोजायचं असेल तर माझ्याभोवतीनं मोज. मी आता उठायची नाही.”

ताईंनी टेप सोडून दिली आणि ताठ उभ्या राहिल्या.

“घेतली,” त्या म्हणाल्या, इतक्या मोठ्यानं की बाहेर शिडीवर चढलेल्या टायवाल्यालाही ऐकू गेलं.